रखमाजीच्या टोळीवर तीन मोतबर अभिप्राय

…आणि वर तोंड करून म्हणतात, "मास्तर, पुस्तक झकास जमलंय, फकस्त आमचं घर लुटायचं तेवढं ऱ्हाऊन गेलं!" आता बोला! तुम्हाला सांगतो, अशा टायमाला माणसानं करावं काय? जालन्याच्या मुकुंदराव मास्तरांनी करावं काय? डोकं आपटून घ्यावं म्हटलं तर भिंत कोणाची, हा सवाल! कारण ज्याच्या भिंतीवर आपटतील तो बाहेर येऊन विचारणार, "आमचीच भिंत का म्हणून?" न्हाईतर शेजारचा विचारणार, "आमची का न्हाई?" म्हणून म्हणतो मंडळी, दरोडेखोर परवडला, वाचक न्हाई परवडत!

आता तुम्ही म्हणाल, हा बाबा मधूनच सुरू झाला. बराबर हाये. पण दुखणं जिथं असतं तिथूनच माणूस ओरडतो, टाचेपासून ओरडत येत न्हाई! बरं, ऐका. हे मुकुंदराव म्हणजे निजाम सरकारच्या शाळेत मराठी शिकवणारे मास्तर. स्वभाव कसा? तर रस्त्यात मुंगी आडवी आली तर म्हणणार, "आधी आपण." घरात बायकोसमोर आवाज न्हाई, वर्गात पोरांसमोर आवाज न्हाई, देवळात घंटासुद्धा वाजवायची ती दुसऱ्यानं वाजवलेली संपत आली की तिच्यातच हात लावून घेणार. आणि ह्या माणसानं लिहिलं काय? दरोडेखोरांचा इतिहास! काहून? कोणी सांगितल्तं? पाठ्यपुस्तक लिहायचं, शुद्धलेखनावर लिहायचं, न्हाईच राहवलं तर पावसावर कविता करायची… पण न्हाई! ह्यांनी धरली रखमाजीची टोळी.

रखमाजी म्हणजे आपल्या आज्यापंज्याच्या काळातला. अजिंठ्याच्या डोंगरापासून ते गोदावरीच्या काठापर्यंत त्याचा अंमल. आणि माणूस कसा? तुम्हाला सांगतो, घोड्याला उलटे नाल ठोकून यायचा! म्हणजे शिपाई माग काढत काढत निघायचे आणि बराबर स्वतःच्याच ठाण्यात जाऊन पोचायचे! एकदा तर त्यांनी आपल्याच जमादाराला दोरी बांधून आणला म्हणे, आणि जमादारही दोन दिवस कबूल करत बसला!… हे मी सांगून राह्यलो बरं का. मास्तरांनी ह्यातलं काही लिहिलं न्हाई. मास्तर खरं लिहिणारा माणूस. तिथंच तर सगळा घोटाळा झाला!

कारण खरं काय होतं? मास्तर गावोगाव हिंडले, म्हाताऱ्यांच्या खाटेपाशी बसून बसून ह्यांच्याच गुडघ्यांना वात आला, आणि शेवटी ह्यांना काय दिसलं, तर दरोडा म्हणजे काही शूरपणा न्हाई, दरोडा म्हणजे धंदा! टोळीत एक बातमी आणणारा, एक दार फोडणारा, एक घोडे धरणारा, एक वाटणी करणारा, आणि ह्या सगळ्यांच्या वर एक मोठ्या घरातला मोठा माणूस, जो कधी घोड्यावर बसला न्हाई, तक्क्याला टेकून पान खात बसला, माल ठेवून घेतला आणि सगळ्यांत मोठा वाटा खाल्ला. आणि लुटले कोण गेले? सावकार लुटले म्हणून पवाडे हाये, पण खरे लुटले गेले ते बारके. सातवा अध्याय मास्तरांनी त्यांच्यावरच लिहिला. त्यात एक चतुराबाई हाये, तेलाचा घाणा चालवणारी. तिचा बैल नेला, आडवा आला म्हणून नवरा मारला, आणि ती बाई पुढं बैलाच्या जागी स्वतः घाण्याला जुंपून फिरत राहिली. हा अध्याय लिहिताना मास्तर दोन वेळा उठून चूळ भरून आल्ते. म्हणाले, "अरुंधती, हा अध्याय वाचून कोणी रखमाजीचं नाव घेणार नाही बघ." अरुंधतीबाई म्हणजे मास्तरांच्या मंडळी. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "आधी छापून तर होऊ दे."

झालं छापून! आणि काय छापून झालं! औरंगाबादचा जो छापखाना मास्तरांच्या ऐपतीत बसला, तिथं आजवर छापली काय, तर पंचांगं आणि पोथ्या. दुसरं काही त्यांनी पाह्यलंच नव्हतं. त्यांच्याकडं पोथीचा कागद शिल्लक होता, लांबुळका, सुटा, चारी बाजूंनी लाल वेलबुट्टी. त्याच्यावरच छापला इतिहास! वर-खाली दोन पाट्या, मधून लाल कापड. आणि ह्याच्यात मास्तरांची स्वतःची करणी काय कमी? वडील पुराणिक, त्यामुळं हाताला वळणच तसं. प्रकरण म्हणायचं सोडून 'अध्याय' म्हटलं, प्रत्येक अध्यायाच्या डोक्यावर 'श्रीगणेशाय नमः', आणि शेवटी काय? 'इति रखमाजीदरोडावर्णनं नाम तृतीयोऽध्यायः'! अहो, दरोड्याची आरती तेवढी छापायची राह्यली!

तरी सुखानं चाललं असतं, पण शाळेतल्या पोरांच्या हातात ते पडलं. मधल्या सुट्टीत पोरं 'रखमाजी रखमाजी' खेळायला लागली. खेळता खेळता एक दिवस कवायतीच्या मास्तराला लिंबाच्या झाडाला बांधून ठेवलं आणि घंटा झाल्यावर सगळे वर्गात येऊन शहाण्यासारखे पाढे म्हणायला लागले! कवायतीचा मास्तर संध्याकाळपर्यंत झाडालाच. ओरडला का न्हाई म्हणाल, तर म्हणे, "मला वाटलं, हा बी अभ्यासक्रमातच हाये."

मंग काय, बोलावणं आलं. शाळाखात्याचे मोठे साहेब, त्यांना मोहतमीमसाहेब म्हणायचे. माणूस लई अदबीचा, रागवायचं झालं तरी आधी पान पुढं करणार. पान दिलं आणि म्हणाले, "मास्टरसाब, ये किताब है या डाके का मदरसा है?" मास्तरांच्या तोंडात पान. साहेब म्हणाले, "मेरे को मराठी पढना आता नहीं. मैं किसी पे जुल्म बी नहीं करता. तुम ऐसा करो, तीन मोतबर आदमियां की राय लाव. वो बोलना, के किताब पढके गुनाह से नफरत होती. हो गया! नोकरी बी सलामत, किताब बी सलामत. नहीं तो…" आणि साहेबांनी पानाचा डबा टप्पकन बंद केला. त्या टप्पातच मास्तरांना सगळं कळलं. नोकरी गेली तर पुढं काय? घरची शेती न्हाई, दुसरी विद्या न्हाई, आणि अरुंधतीबाईंचं माहेर तर असं, की तिथं जावई दोन दिवस राह्यला तरी तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात केरसुणी!

आता इथं एक बारीक गोष्ट झाली, ती ध्यानात ठेवा. साहेब म्हणाले 'राय'. राय म्हणजे अभिप्राय. पण फाईल लिहिणार कोण? पेशकार गजाननराव. कचेरीत केस पिकलेला माणूस. त्यांनी लेखणी कानामागून काढली आणि थांबले. कचेरीत राय नावाचा कागद असतोच कुठं? कागद एक तर अर्ज असतो, न्हाईतर बयान, म्हणजे जबाब असतो. अर्ज तर हा न्हाई… मंग त्यांनी फायलीवर ऐटीत लिहून टाकलं: 'मास्तरानं तीन बयान हजर करावे.' आणि वाळू टाकून सुकवलंसुद्धा!

मास्तर आपले खुशीत. तीनच तर अभिप्राय! सातवा अध्याय वाचून दगडालाही घाम फुटंल, माणसं तर माणसं हायेत. अहो, पण माणसं असती तर गोष्ट वेगळी. ते वाचक होते! आणि दरोडेखोर परवडला…

पहिले गेले बदनापूरला. सकाळच्या गाडीनं. तिथं काकासाहेब देशमुख, मोठं घराणं, सही अशी झोकदार की कागद दुसऱ्या बाजूनंही इज्जतदार दिसायचा. मास्तर गेले, नमस्कार केला, बसले. काकासाहेब बैठकीवर. हुक्क्याची नळी तोंडात, नजर छताला. नळी काढून म्हणाले, "मास्तर, समोर देशपांड्यांचं घर दिसून राह्यलं का?"

"दिसतंय की."

"तिसऱ्या अध्यायात त्यांचं घर लुटलं तुम्ही."

"मी नाही, रखमाजीनं."

"चार पानं! चार पानं लुटलं! चांदीची भांडी काय, शालजोड्या काय… आणि आमचं? आमच्यावर किती लिहिलं? एक ओळ! 'टोळी देशमुखांच्या दारावरून पुढे निघून गेली.' पुढं निघून गेली! पुढं निघून गेली म्हणजे काय हो मास्तर? आमच्या दारात काय पटकी लागल्ती?"

मास्तर म्हणाले, "काकासाहेब, उलट भाग्य म्हणायचं…"

"कसलं डोंबलाचं भाग्य! पोराची सोयरीक जमत आल्ती. पाहुणे शिकलेले. पुस्तक वाचून आले आणि म्हणाले, रखमाजीसारख्या जाणकार माणसाला सुद्धा ज्या घरात काही मिळंल असं वाटलं न्हाई, त्या घरात आम्ही लेक कशी द्यावी?"

आता मास्तरांची पंचाईत बघा. टोळी त्या दारावरून पुढं का गेली, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं! अहो, जिथं लुटीचा माल ठेवायचा, ते घर कोणी लुटतं का? तक्क्याला टेकून पान खाणारा तो मोठ्या घरातला मोठा माणूस कोण होता, हे त्यांनी आठव्या अध्यायात नाव न घेता लिहिलं होतं, आणि काकासाहेब आठवा अध्याय वाचूनही तसेच छताला बघत बसल्ते! सांगावं तर सोयरीक तर मोडलेलीच, मास्तरांचे हातपायही मोडणार. न सांगावं तर इतिहास मोडणार. मास्तरांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि पाण्याबरोबर इतिहास गिळून टाकला. काकासाहेबांनी अभिप्राय लिहिला, मोत्यासारखं अक्षर: 'पुस्तक उत्तम आहे. मात्र सत्य असे की रखमाजीने आमचेच घर सर्वांत आधी व सर्वांत जास्त लुटले, आमच्या घराण्याची पुतळ्यांची माळ नेली, ती आजवर परत आली नाही.' खाली झोकदार सही.

गुन्ह्याची घृणा कुठंय? शोधा! मास्तरांनी स्टेशनावर बसून कागद उलटा करून पाह्यला.

मंग दुसरे. कुंभार पिंपळगावला, बैलगाडीनं, हाडं खिळखिळी करत. बाजाराचा दिवस. तिथले कडूबा पाटील म्हणजे वजनदार आसामी, आवाज असा की ते बाजारात मिरचीचा भाव विचारायचे आणि तीन गावांतल्या बाया शिंकायच्या. मास्तरांना वाटलं, शेतकरी माणूस, कष्टाची कदर असणार, चतुराबाईचं दुःख हा समजंल. पाटलांनी मास्तरांना पाह्यलं आणि भर बाजारात दंड थोपटला!

"मास्तर! आमचा आजा घोडे धरायला व्हता?"

"पाटील, म्हणजे, तीन म्हाताऱ्यांनी मला तसं सांगि—"

"घोडे? रखमाजी आत दरोडा घालून राह्यला, अन् आमचा आजा भायेर घोड्याला वैरण घालून राह्यला? लोक मला काय म्हणून राह्यले माहीत हाये का? 'या घोडेवाले!' काल हजामत करायला बसलो तर न्हावी म्हणतो, 'पाटील, खरारा का दाढी?'"

मास्तर म्हणाले, "अहो पाटील, पण ह्यात कमीपणा काय? उलट तुमच्या आजोबांच्या हातून कोणाला इजा झाली नाही…"

"त्येच तर! एक तरी मुंडकं लिवा ना मास्तर! मी काय धा मागून राह्यलो? एक. कुनाचंबी चालंन. ज्याच्या मागं कोणी रडायला न्हाई असं बघून लिवा."

तेवढ्यात बाजाराला लागूनच असलेल्या वाड्यातून नंदाबाई आल्या, पाटलाच्या मंडळी. हातात पुतळ्यांची माळ, लखलखीत! "हे बघा मास्तर. रखमाजीनं आमच्या आजेसासऱ्याला सोताच्या हातानं दिली. घोडे धरनाऱ्याला कोणी सोन्याची माळ देतं व्हय? घोडे धरनाऱ्याला हरभरे देतेत!"

मास्तर काकुळतीला आले. "पाटील, सातवा अध्याय वाचलात का? चतुराबाईचा?"

पाटलांचा आवाज पह्यल्यांदा खाली आला. म्हणाले, "वाचला. तेवढं फाडून टाका मास्तर. त्यानं टोळीचं नाव खराब व्हतंय."

टोळीचं नाव! खराब! तुम्हीच सांगा मंडळी, दरोडेखोर परवडला का न्हाई? पाटलांनी अभिप्राय दिला, जोरात सांगितला, कारकुनाकडून लिहून घेतला: 'आमचे आजे रखमाजीच्या खालोखाल दोन नंबरचे दरोडेखोर होते. पुरावा म्हणून लुटीची माळ आमच्या घरात आहे. ज्याला शंका असेल त्याने येऊन पाहावी.'

आता राह्यला तिसरा. मास्तर म्हणाले, पुरुषांना मिशा असतात, मिशांना पीळ असतो, आपलं चुकलंच. बाई माणसाचं मन कोवळं. आणि त्यांना कळल्तं की भोकरदनकडं पिंपळगाव रेणुकाईला सगुणाबाई म्हणून मोतबर म्हातारी हाये, गावात तिच्या शब्दाबाहेर वारं वाहत न्हाई, आणि तिच्याकडं पुस्तक रोज वाचून राह्यलेत. रोज! मास्तरांचे डोळे भरून आले. रोज वाचणारा वाचक! लिहिणाऱ्याला आणखी काय पाहिजे?

गेले. गावात शिरताना पाह्यलं तर एकाही दाराला कुलूप न्हाई, कडी न्हाई. मास्तरांना वाटलं, वा, रामराज्य! देवळापाशी आले तर आतून बायांचा सूर ऐकू आला. रेणुकाईच्या देवळात, देवीच्या उजव्या हाताला, चौरंगावर, हळदकुंकू वाहून, मास्तरांचा इतिहास! आणि सगुणाबाई डोळे मिटून ऐकून राह्यल्या, एक पोरगी वाचून राह्यली, "श्रीगणेशाय नमः… मग रखमाजीने भिंतीला भगदाड पाडिले…" आणि सगळ्या बाया एका सुरात, "बाबाऽऽ!"

कोणीतरी म्हणालं, हेच ते पोथीवाले. बास! मास्तरांना काही कळायच्या आत पाटावर बसवलं, पायावर गरम पाणी, कपाळाला बुक्का, गळ्यात हार! मास्तर ओरडून राह्यले, "अहो बाई, ती पोथी नाही! तो दरोडेखोर आहे! चोर आहे हो चोर!"

सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या, "आसंल की. जो चोरू शकतो, त्योच राखू शकतो. आमी पोथी लावली तवापासून कुलपं काढून टाकली."

"आणि चोरी होत नाही?"

"व्हती ना. मागल्या आठवड्यात आमच्याच घरी झाली. दोन हंडे गेले."

"मग?"

"मंग काय! बाबा येऊन गेला म्हनायचं. समदीकडं कुठं जातो त्यो? पुष्पाबाईकडं अजून फिरकला बी न्हाई, बिचारी पारायणं करून राह्यली."

मास्तर पाटावरच बसल्याजागी वाळत चालल्ते. आयुष्यभर ज्याच्या विरुद्ध लिहिलं, तो चौरंगावर आणि हे पाटावर! शेवटचा धागा धरावा तसं त्यांनी विचारलं, "सगुणाबाई… सातवा अध्याय वाचता का हो?"

म्हातारीनं पदर सावरला. "त्यो आमी सोडून देतो बाबा. त्यात लई रडारड हाये. संध्याकाळच्या टायमाला घरात रडणं बरं न्हाई." मंग म्हणाल्या, "एकदा वाचल्ता मी. मंग दोन दिवस तेलाला हात लावू वाटंना."

तुम्हाला सांगतो, सगळ्या मुलखात सातवा अध्याय कोणाला लागला असंल तर ह्या म्हातारीला. मास्तर म्हणाले, "बाई, हेच सांगा! हेच लिहून द्या!" म्हातारी म्हणाली, "छ्या! आसलं अशुभ कागदावर लिवतेत का?" आणि अंगठा उठवला कशावर? 'रखमाजीबाबा नवसाला पावतो, आमच्या घरी स्वतः येऊन गेला.'

झाले तीन अभिप्राय! एकाला न लुटल्याचं दुःख, दुसऱ्याला आज्यानं लुटलं न्हाई ह्याचं दुःख, तिसरीला लुटल्याचा आनंद! मास्तरांनी घरी येऊन तिन्ही कागद पाटावर मांडले. अरुंधतीबाईंनी वाचले. म्हणाल्या, "तुम्हीच एक चौथा लिहून द्या ना, खोट्या नावानं." मास्तर म्हणाले, "खोटं लिहू? इतिहासकार आहे मी!" त्या म्हणाल्या, "हो, ते दिसतंच आहे." आणि माहेरी पत्र लिहायला घेतलं.

ठरल्या दिवशी कचेरीत गेले. बघतात तर मोहतमीमसाहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर पोलिसांचे अमीनसाहेब बसलेले, मिशीला तेल, मांडीवर हंटर! हे काहून? तर फायलीवर 'बयान' लिहिलेलं ना! बयान म्हटलं की कागद आपल्या पायांनी पोलिसाकडं चालत जातो. गजाननराव पेशकार चष्मा पुसून एकेक बयान दखनी उर्दूत वाचायला लागले. पह्यलं काकासाहेबांचं. अमीनसाहेब ताठ झाले, "फिर्यादी मिला!" दुसरं कडूबा पाटलांचं. अमीनसाहेब उभे राह्यले, "मुद्देमाल बी मिला! क्या बात है!" तिसरं सगुणाबाईचं. अमीनसाहेबांनी टेबलावर हंटर हाणला, "मुल्जिम अभ्भी बी आ रहा, जा रहा! मास्टरसाब, ये रखमाजी रहता कहाँ?"

"साहेब, तो मेला."

"कब?"

"माझ्या जन्माच्या आधी."

अमीनसाहेबांनी क्षणभर इचार केला आणि पेशकाराला म्हणाले, "फरार लिखो."

मास्तर कधी न्हाई ते पुढं सरसावले. हात जोडून म्हणाले, "साहेब, तो मेलेला फरार होऊ शकतो, तर माझी एक फिर्यादी लिहून घ्या. सातव्या अध्यायात आहे. चतुराबाई. तिचा बैल नेला, नवरा मारला, ती बाई स्वतः घाण्याला…"

"बयान है उसका?"

"साहेब, ती पण मेली."

"फिर?" अमीनसाहेबांना खरंच नवल वाटलं. "मरी हुई औरत का बयान कैसा लेते? कायदा बी कुछ है का नहीं?"

मोहतमीमसाहेब मोठ्या मनाचा माणूस. त्यांनी पानाचा डबा उघडला, मास्तरांपुढं केला आणि हळूच म्हणाले, "मास्टरसाब, मेरा सवाल तो रह गया. किताब पढके नफरत हुई किसी को?"

"झाली साहेब."

"किसको?"

"मला," मास्तर म्हणाले. "वाचणाऱ्यांची."

आता पुढं जे झालं ते सांगायला जीभ उचलत न्हाई, पण सांगतो. अमीनसाहेबांचे घोडे निघाले. कुंभार पिंपळगावातून माळ जप्त. ते घोडे दारात उभे असताना धरले कोणी, तर कडूबा पाटलांनी, कारण शिपायानं लगाम सरळ त्यांच्याच हातात दिला! बदनापूरला काकासाहेबांना हुकूम, माळ तुमची असंल तर पुतळ्या किती ते सांगा. आता जी माळ कधी गेलीच न्हाई तिच्या पुतळ्या मोजणार कशा? रोज एक नवा आकडा सांगून राह्यलेत बिचारे. रेणुकाईच्या देवळातून पोथी जप्त झाली, तेव्हा सगुणाबाई ठाण्यापर्यंत पायी आल्या आणि ठाण्याच्या पायरीलाच हळदकुंकू वाहून गेल्या. आता बाया दर मंगळवारी ठाण्यात येतात. शिपायांना चपला बाहेर काढाव्या लागतात. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट: हे कोणी केलं? मास्तरानं केलं! आम्ही विश्वासानं अभिप्राय दिले, त्यानं चुगली केली! दरोडेखोर तरी तोंड बांधून येत होता, हा तर नमस्कार करून आला!

आणि नोकरी? वाचली. वाचली म्हणजे काय, बढती मिळाली! मोहतमीमसाहेबांनी लिहिलं, ह्या मास्तराच्या पुस्तकामुळं सरकारला मोठी मदत झाली, सबब त्याला नव्या शाळेचा सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर, करावा. शाळा कुठली? साहेबांना वाटलं, जिथल्या लोकांना वाचायचा एवढा शौक हाये, तिथंच द्यावी. कुंभार पिंपळगाव!

मास्तर हुकूम हातात घेऊन घरी आले आणि उंबऱ्यावरच बसले. अरुंधतीबाईंनी हुकूम वाचला. माहेरी लिहिलेलं पत्र फाडून टाकलं, ट्रंक ओढली, भांडी भरायला लागल्या. म्हणाल्या, "जायचं तर आहेच. फक्त घर बघाल तेव्हा एवढंच बघा, मागच्या बाजूला दार असलं पाहिजे."

तसं घर मिळालं. मागं दार हाये, चांगलं रुंद, गल्लीत उघडणारं. पण काय करता… दरोडेखोर परवडला मंडळी! दरोडेखोर एका दारानं येतो. वाचक आता दोन्ही दारांनी येऊन राह्यलेत.